उंब्रजच्या हॉटेलातले दोन रणगाडे

गेल्या महिन्यात फोनवर नातू म्हणाला, "आजी, हा गेम तुला नाही कळायचा. यात गाड्या एकमेकींवर गोळे झाडतात." मागून त्याची बहीण म्हणाली, "तिला कशाला सांगतोयस? ती झोपेल." मी झोपले नाही. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि लिहायला बसले. या अंकासाठी मी स्त्रियांच्या वाचनावर लेख कबूल केला होता. तो राहू दे.

बाळांनो, तुमचे बाबा रांगतही नव्हते तेव्हा गाड्यांच्या लढाईचा खेळ चालवणं हा माझा धंदा होता. खेळणं नव्हे, चालवणं. शर्टाला ग्रीस लागलेले ड्रायव्हर, मिशांना पीळ भरणारे पैलवान आणि रजेवर आलेले जवान माझ्यासमोर रांगेत उभे राहायचे. तेव्हा मला तो खेळ कळतो की नाही हे आधी ऐकून घ्या.

मी सांगलीची. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन उंब्रजला आले. तुमचे आजोबा पलटणीत, वर्षाचे दहा-अकरा महिने सरहद्दीवर. घरी सासू-सासरे, थोडा ऊस आणि हायवेला लागून सासऱ्यांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, चहा, भजी आणि शेव-चिवडा. सगळे सासऱ्यांना अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणायचे. माझ्या शिक्षणाचा त्या घरी उपयोग काय, असा प्रश्न गावानं लग्नातच विचारला होता. अण्णांनी उत्तर दिलं होतं, "बघू की. घरात असू द्या."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईचा एक खेळ-पाळण्यांवाला जत्रा करत हिंडायचा. त्यानं धंदा बंद केला आणि कऱ्हाडात सामान विकायला काढलं. अण्णा कऱ्हाडला गेले होते, ते बैलगाडीत एक उंच लाकडी कपाट घालून आले. कपाटाला पुढं काच होती. अण्णांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता.

"सूनबाई, टेलिव्हिजन आणलाय. पुण्याचं धरतंय म्हणं. आता बघ गिऱ्हाईक कसं हलत न्हाई ते."

छपरावर बांबू उभा केला, तार ओढली, वीज जोडली. काचेवर काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढऱ्या भिंती उमटल्या आणि दोन कोपऱ्यांत दोन छोटे पांढरे ठिपके घरघरू लागले. अण्णा आणि दहा-बारा माणसं हात जोडून बातम्यांची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ गेल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आण्णा, बाई काय बोलंना झालीय."

कपाटाच्या मागच्या दारात एक इंग्रजी पुस्तिका अडकवलेली होती. ती मी त्याच दिवशी वाचून काढली आणि अण्णांना सांगितलं, "हा टेलिव्हिजन नाही. हा रणगाड्यांचा खेळ आहे. दोघांनी खेळायचा."

अण्णा मटकन बाकड्यावर बसले. "म्हंजी बातम्या न्हाईत?"

"नाहीत."

"गाणी?"

"नाहीत. गोळे आहेत."

आता हा खेळ तुम्हाला नीट समजावून सांगते, कारण तुमच्या रंगीत पडद्याशी त्याचं काही नातं नाही. काळा पडदा, पांढऱ्या भिंती, मधल्या मैदानात फुल्या. त्या फुल्या म्हणजे सुरुंग, त्यांवर गाडी गेली की फुटली. प्रत्येक खेळाडूपुढं दोन लोखंडी दांडे. दोन्ही पुढं ढकलले की रणगाडा सरळ जातो, दोन्ही मागं ओढले की मागं येतो. डावा ओढून उजवा ढकलला की डावीकडे वळतो. उजव्या दांड्याच्या डोक्यावर बटण, ते दाबलं की गोळा सुटतो. समोरच्याला जितक्या वेळा उडवाल तितके गुण. वेळ संपली की पडदा थिजतो.

पुस्तिकेत हे दोन पानं भरून लिहिलं होतं. मी वाचून दाखवत होते तेवढ्यात अण्णांनी दांडे हातात घेतले आणि रणगाडा भिंतीला न घासता अख्ख्या मैदानातून फिरवून आणला. मी बघतच राहिले.

"ह्यात काय हाय?" ते म्हणाले. "डावा कासरा वढायचा, उजव्या बैलाला हाकायचं. गाडी डावीकडं वळती. कासऱ्यालाच इंग्रजीत दांडा म्हणत असतील."

हे त्या खेळाचं पहिलं बळ. ज्यानं बैलगाडी हाकली आहे त्याला तो शिकवावाच लागत नसे. ज्यानं ट्रक चालवला आहे त्याला मात्र शिकवून शिकवून माझा घसा बसे. दगडू नावाचा गुळाचा ट्रक चालवणारा ड्रायव्हर होता. बेळगावपासून पुण्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याला पाठ, पण इथं दोन्ही हात हवेत गोल फिरवायचा. "वैनी, स्टेरिंग कुठं हाय ह्याला?" रणगाड्याचं नाक भिंतीत रुतलं की तोच दांडा आणखी जोरात रेटायचा. मी म्हणायचे, "दोन्ही मागं ओढा, दोन्ही." तो म्हणायचा, "मी रिव्हर्स घेत नसतो." आणि हरायचा. हरला की बाहेर जाऊन स्वतःच्या ट्रकच्या टायरला लाथ मारायचा.

यंत्राच्या खाचेत आपलं नाणं बसत नसे. मी मागून एक घंटेचं बटण जोडून घेतलं. गिऱ्हाइकानं चार आणे माझ्या हातात द्यायचे आणि मी बटण दाबायचं. त्यामुळे यंत्राशेजारी एक स्टूल आलं आणि त्या स्टुलावर मी आले. बाईमाणूस हॉटेलात, तेही दर्शनी, तेही पुरुषांच्या घोळक्यात! पहिल्या आठवड्यात भावकीतले दोघे अण्णांना समजवायला आले. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "इंग्रजी यंत्र हाय. तुमच्यात कुणाला इंग्रजी येत असंल तर बसा तुमी." ते चहा पिऊन गेले.

या खेळाची मोठी अडचण अशी की तो एकट्याला खेळता येत नाही. यंत्र कुणाच्या बाजूनं लढत नाही आणि कुणाच्या विरुद्धही नाही. समोर माणूसच लागतो. त्यामुळे माझं खरं काम बटण दाबणं नव्हतं, जोड लावणं होतं. आमच्याकडे जत्रेत कुस्त्या होतात. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतो, उंची, छाती, मान बघतो आणि दोघांचे हात धरून वर करतो. याला जोड लावणं म्हणतात. जोड चुकली की कुस्ती डोळ्याची पापणी लवण्याआधी संपते आणि लोक पंचाला शिव्या घालतात. मी नुसती माणसाची दांड्यावरची मूठ बघून जोड लावायला शिकले. घट्ट मूठवाला हमखास कच्चा. सैल धरणारा धोक्याचा.

एकदा मात्र जोड फार चुकली. दोन जवळपास सारख्या हाताचे तरणे गडी होते, मी बसवले. एकानं दोन गोळे लावले आणि उरलेला सगळा वेळ कोपऱ्यातल्या भिंतीआड जाऊन बसला. या खेळात ही सोय होती, आणि ती सगळ्यांच्या डोक्यात जायची: पुढं असलेल्यानं लपून वेळ काढायचा. मागचा म्हणाला, "भाईर ये." पुढचा म्हणाला, "न्हाई येत जा." मागच्यानं दांडे सोडले आणि खऱ्याखुऱ्या माणसाची गचांडी धरली. यंत्र कलंडलं, अण्णांनी हातातली किटली टाकून ते सावरलं. नंतर कळलं, दोघं चुलतभाऊ, आणि बांधावरून वर्षानुवर्षं भांडण. तेव्हापासून जोड लावण्याआधी मी दोघांना विचारायचे, "तुमचे बांध लागून आहेत का?" लोक हसायचे. पण लागून असले तर मी बसू देत नसे.

लपण्याबद्दल सुभेदारांचं मत वेगळं होतं. शेजारच्या गावचे, पेन्शनीत निघालेले, खऱ्या रणगाड्यात उमर घालवलेले. पहिल्या दिवशी ते हात पाठीशी बांधून पडद्याकडे बघत उभे राहिले. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"ह्यो रणगाडा न्हाई," ते म्हणाले. "तोफ बांधल्याला ट्रॅक्टर हाय. खऱ्याची मुंडी फिरती. गाडी एकीकडं, तोफ एकीकडं. ह्याला सगळं अंग वळवावं लागतंय, मान धरल्यावानी."

"आणि ते लपतात ते, आबा? पळपुटेच की," एक पोरगा म्हणाला.

"गड्या, रणगाडा लपतो तवाच जगतो. उघड्यावर हुबा ऱ्हायला तो वीर न्हवं, तो निशाणा."

त्यानंतर ते रोज यायचे, खेळायचे क्वचित, पण तंटा झाला की निवाडा द्यायचे. मी त्यांच्याकडूनच शिकले. दुपारी हॉटेल रिकामं असलं की ते एका बाजूला बसायचे, मी दुसऱ्या. कसं लपायचं, समोरचा वळत असताना कसं गाठायचं, गोळा मध्येच विझतो म्हणून किती जवळ जायचं. त्यांना मी बरेचदा हरवलं. ते म्हणायचे, "सूनबाई, तू पलटणीत पायजे हुतीस."

माझ्या सासूबाईंनाही एका दुपारी मी बसवलं होतं. जन्मभर विहिरीवर मोटेचे बैल हाकलेली बाई, तिचा हात असा चालला की सुभेदार उठून उभे राहिले. पण दारात कुणाची तरी सावली पडली आणि त्यांनी दांडे सोडून पदर डोक्यावर घेतला. पुन्हा कधी बसल्या नाहीत. बाजारच्या दिवशी बायका यायच्या, लांबून बघायच्या, हसायच्या, दांड्याला हात लावायच्या नाहीत. ही एक गोष्ट मला जमली नाही आणि तिची हळहळ अजून आहे.

बाकी कटकटी रोजच्या. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा आणि पडद्यावरच्या भिंती आतल्या बाजूला वाकायच्या. दांड्याच्या सांध्यात भज्याचं तेल आणि धूळ जाऊन खळ व्हायची. मी रॉकेलच्या चिंधीनं ते रोज सकाळी पुसायचे.

मग तक्रार गेली. कुणी केली ते कळलं नाही. हॉटेलात जुगार चालतो, असं त्यात होतं. हरणाऱ्यानं चहा पाजायचा असा रिवाज पोरांनी पाडला होता हे खरं. त्याला जुगार म्हणायचं तर सगळा महाराष्ट्र आत टाकावा लागेल.

नवे फौजदार जीपमधून उतरले तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. तरुण, कडक इस्त्रीचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मालक कोण?"

"मी," अण्णा पुढं झाले.

"हे यंत्र बंद करा. नशिबाचा खेळ आहे. दांडे हलवायचे, बटण दाबायचं, लागला तर लागला. याला कायद्यात जुगार म्हणतात. यंत्र जप्त होईल आणि हॉटेलचं लायसनही बघावं लागेल."

अण्णांनी टोपी काढली. मी त्यांना टोपी काढताना तोवर पाहिलं नव्हतं. हॉटेलवर आमचं घर चालायचं, उसाचं बिल कधी यायचं त्याचा भरवसा नसे. मी स्टुलावरून उठले.

"साहेब, यंत्र मी चालवते. मला विचारा. हा नशिबाचा खेळ नाही, हाताचा आहे."

"कशावरून?"

"नशिबाचा असता तर नवखाही जिंकला असता. तुम्ही नवखे आहात. बसा. मी समोर बसते."

शब्द तोंडातून गेल्यावर मला त्यांचं वजन कळलं. मी हरले, किंवा मान राखायला मुद्दाम हरले, तर फौजदार म्हणणार, बघा, पहिल्याच खेपेला जिंकलो, म्हणजे नशीबच. मी जिंकले तर भर हॉटेलात एका बाईनं फौजदाराला हरवलं, आणि लायसन त्यांच्या हातात. थोड्या फरकानं जिंकावं तरी ते नशिबावरच जाणार. अण्णांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि यंत्राशेजारी पंचासारखे येऊन उभे राहिले.

फौजदार हसले आणि बसले. माघार घेता येत नव्हती, एवढी माणसं होती.

मी बटण दाबलं. फौजदारांनी, अपेक्षेप्रमाणे, हवेत स्टेअरिंग धरलं. मग दांडे गच्च धरले. रणगाड्याचं नाक पहिल्याच भिंतीत रुतलं. मी वळसा घेतला, जवळ गेले, गोळा टाकला. ते उडाले. पुन्हा निघाले, पुन्हा रुतले. "दोन्ही मागं ओढा, साहेब," मी म्हणाले. ते म्हणाले, "मला कळतं." मी दुसरा गोळा टाकला. नंतर त्यांना थोडं जमायला लागलं, आणि जमतंय या आनंदात ते सरळ सुरुंगावर गेले. हॉटेलात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आणला.

दगडू ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "वैनी, बास करा. भिंतीमागं जावा. लय झालं."

तो सल्ला शहाणपणाचा होता. लपले असते तर त्यांची थोडी अब्रू राहिली असती. मी लपले नाही. मैदानात उघडी फिरले, पडदा थिजेपर्यंत. दांड्यांवर माझे हात सैल होते, हे मला आठवतं. त्यांच्या बाजूला शून्य होतं.

चहा उकळून वर आलेला कुणी उतरवला नव्हता, त्याचा वास सुटला. सुभेदार शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्यात नशीब कुठं दिसलं आपल्याला?"

फौजदार उठले. कपाळावर घाम होता. पण माणूस अगदीच वाईट नसावा, कारण म्हणाले, "ठीक आहे. जुगार नाही. मान्य." मग त्यांनी टोपी घातली आणि अण्णांकडे वळून म्हणाले, "खेळ चालू ठेवा. पण बाईमाणूस इथं बसणार नाही. पुरुष बसवा. माझी एवढी एक अट आहे, नाहीतर लायसन मला बघावं लागेल."

अण्णा काही बोलण्याआधी मीच बोलले.

"साहेब, आमच्या जत्रेत हरलेला गडी अट घालत नसतो."

फौजदारांनी माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मग अण्णांना म्हणाले, "सुनेला आवरा."

अण्णांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली. "आवं साहेब, ती बसंल तर हे यंत्र हाय. ती न्हाई बसली तर मी त्यात कोंबड्या ठेवीन."

जीप गेली. आणि महिना उलटायच्या आत हॉटेलची रात्रीची परवानगीही गेली. दिवेलागणीला फळ्या लावायच्या, असा हुकूम आला. हायवेच्या हॉटेलचा धंदा रात्रीच्या ट्रकांवर असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते सगळे ट्रक आमच्या दारावरून सरळ पुढं जायला लागले. सासूबाईंनी दोन म्हशींमधली एक विकली. माझ्यामुळे. एकदा गोळा चुकवला असता, भिंतीआड गेले असते, तोंड मिटलं असतं, तर म्हैस गोठ्यात राहिली असती. याचा विचार मी पुष्कळ केला आहे. दर वेळी उत्तर तेच येतं: मी तसंच खेळले असते.

अण्णांनी त्याबद्दल मला एका शब्दानं टोचलं नाही. परवानगी गेली त्या आठवड्यात त्यांनी कऱ्हाडहून पेंटर बोलावला. हॉटेलच्या दर्शनी पत्र्याला पांढरा रंग दिला आणि पेंटर ब्रश घेऊन शिडीवर चढला.

"आण्णा, काय लिवायचं?"

"रनगाड्यांचा खेळ. त्येच्या खाली, चालविणार, सौ. कुसुम, बी. ए."

पेंटरनं खडूनं आखून दाखवलं. अण्णा रस्ता ओलांडून पलीकडे गेले, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि तिकडूनच ओरडले,

"बी. ए. मोठं काढ. पळत्या जीपमधनं वाचाय आलं पायजे!"